डॉ. लिव्हिंगस्टन आणि त्यांची औषधांची पेटी

डेव्हिड लिव्हिंगस्टन हे नाव आमच्या मंडळ्यांत नवे नाही. आफ्रिका खंडात सुवार्ता घेऊन गेलेले, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लोकांस जागे करणारे, आणि युरोपियनांस ठाऊक नसलेल्या नद्या व सरोवरे नकाशावर आणणारे म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र आहे. परंतु ते वैद्यही होते. हिवतापाच्या देशात त्यांनी जी वर्षे काढली, ती क्विनाईनच्या, म्हणजे आमच्या खेड्यांतील वडील माणसे ज्यास कोयनेल म्हणत त्या कडू पांढऱ्या भुकटीच्या आधाराने काढली, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. ह्या लेखात आम्ही त्यांचे चरित्र त्यांच्या औषधांच्या पेटीवरून सांगणार आहो. पेटी जवळ होती तेव्हा काय साधले, ती हाताशी नव्हती तेव्हा काय झाले, आणि नाशिकजवळच्या शरणपुरातील मुलांचा ह्या हकिगतीशी कसा संबंध आला, हे वाचकांनी लक्षपूर्वक वाचावे अशी आमची विनंती आहे.

लिव्हिंगस्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडातील ब्लँटायर ह्या गावी झाला. क्लाइड नदीच्या काठी सुताची गिरणी होती; तिच्या कामकऱ्यांच्या चाळीत एका खोलीत हे सारे कुटुंब राहत असे. बाप चहा विकीत हिंडे व शब्बाथशाळेत मुलांस शिकवी. घरची गरिबी असल्यामुळे दहाव्या वर्षीच डेव्हिडास गिरणीत घातले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत तुटलेले धागे जोडीत राहणे हे त्याचे काम. पहिल्या मजुरीतून काही पैसे राखून त्याने लॅटिन भाषेचे व्याकरण विकत घेतले, आणि साच्यावर पुस्तक उघडे ठेवून येता-जाता एकेक वाक्य वाचण्याची सवय लावून घेतली. रात्री आठनंतर शाळा, आणि शाळेनंतर मध्यरात्रीपर्यंत घरी वाचन, असा त्याचा क्रम होता. शेवटी आई येऊन हातातले पुस्तक काढून घेई, तेव्हा तो निजे.

चीन देशात वैद्यकी जाणणारे मिशनरी पाहिजेत अशी विनंती त्यांच्या वाचण्यात आली, तेव्हा आपले आयुष्य ह्याच कामी लावावे असे त्यांनी ठरविले. १८३६ साली ते ग्लासगो शहरातील अँडरसन कॉलेजात वैद्यकी शिकू लागले. उन्हाळ्यात गिरणीत काम करावे आणि त्या कमाईवर हिवाळ्यात शिकावे, अशी त्यांची रीत होती. लंडन मिशनरी सोसायटीने त्यांस पत्करले. परंतु अफूच्या लढाईमुळे चीनचा मार्ग बंद झाला. त्या सुमारास आफ्रिकेतील थोर मिशनरी रॉबर्ट मॉफट यांची गाठ पडली, आणि लिव्हिंगस्टन यांचे मन आफ्रिकेकडे वळले. १८४० च्या नोव्हेंबरात ते वैद्यकीच्या परीक्षेत उतरले, त्याच महिन्यात त्यांस दीक्षा मिळाली, आणि डिसेंबरात ते जहाजावर चढले. पुढच्या जुलै महिन्यात ते कुरुमान येथील मिशनच्या ठाण्यावर पोहोचले. १८४४ साली एका सिंहाने झडप घालून त्यांच्या डाव्या दंडाचे हाड मोडले. ते वाकडे सांधले गेले व जन्मभर तसेच राहिले. ही खूण पुढे कामास येणार होती. १८४५ साली मॉफट यांची ज्येष्ठ कन्या मेरी हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

आता ज्या रोगाशी त्यांची गाठ पडली त्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने हिवताप होतो असा त्या काळी सर्वांचा समज होता. मलेरिया ह्या नावाचा अर्थही वाईट हवा असाच आहे. खरे कारण, म्हणजे रक्तात वाढणारा सूक्ष्म जंतू व तो एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात नेणारा डास, हे कोणास ठाऊक नव्हते. परंतु औषध मात्र कारणाच्या आधीच सापडले होते. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर सिंकोना नावाचे झाड होते. त्याची साल सतराव्या शतकापासून युरोपात तापावर देत असत. १८२० साली पेल्तिए व काव्हाँतू ह्या दोघा फ्रेंच रसायनशास्त्र्यांनी त्या सालीतील गुणकारी द्रव्य वेगळे काढले. तेच क्विनाईन होय. ते रक्तातील जंतूंस मारते, म्हणून ताप उतरतो. ते महाग होते, आणि ते केव्हा व किती द्यावे ह्याविषयी वैद्यांचे एकमत नव्हते. १८४१ साली नायजर नदीवर तीन आगबोटी गेल्या, त्यांवरील गोऱ्या लोकांपैकी चाळीसच्या आसपास माणसे तापाने मेली. पश्चिम आफ्रिका म्हणजे गोऱ्या माणसाची कबर, अशी म्हणच पडून गेली होती.

कुरुमानाकडील मुलूख कोरडा व उंच असल्यामुळे तेथे हा ताप विशेष नसे. परंतु लिव्हिंगस्टन यांची दृष्टी उत्तरेकडे होती. १८४९ साली कालाहारी वाळवंट ओलांडून ते नगामी सरोवरास पोहोचले, आणि पुढच्या वर्षी पत्नी व मुले यांस बरोबर घेऊन पुन्हा तेथे गेले. सरोवराकाठी त्यांची दोन मुले तापाने पडली. जवळच आलेल्या एका इंग्रज टोळीतही आजार शिरला होता. तेव्हा त्यांनी दोन इलाज एकत्र करून पाहिले. रोग्याचा कोठा साफ करणारी औषधे आणि क्विनाईन ही निरनिराळी, एकापाठोपाठ दिवस मोजून देण्याची त्या काळची पद्धत होती. तीत मोलाचा वेळ जाई. लिव्हिंगस्टन यांनी जलाप, कॅलोमेल, रेवाचिनी व क्विनाईन ही एकत्र करून वेलदोड्याच्या अर्कात त्यांच्या गोळ्या बांधल्या, आणि तापाची पहिली लक्षणे दिसताच त्या दिल्या. त्यानंतर रोग्याचे कान वाजू लागेपर्यंत क्विनाईन देत राहावे, असा त्यांचा नियम ठरला. मुले बरी झाली. पुढे त्यांच्या मंडळीत ह्या गोळ्यांस माणसास जागे करून उठविणाऱ्या अशा अर्थाचे नाव पडले, आणि त्यांच्या मृत्यूनंतरही एक औषधी कंपनी त्या लिव्हिंगस्टन यांच्या नावाने विकीत असे. कॅलोमेल हे पाऱ्याचे क्षार असून विषारी आहे. आज कोणी वैद्य ते देणार नाही. गुण होता तो क्विनाईनचा, आणि ते दिवस न दवडता देण्याचा.

ह्या औषधाच्या बळावर त्यांनी तो मोठा प्रवास केला ज्याने त्यांचे नाव जगभर झाले. १८५२ साली पत्नी व मुले यांस स्वदेशी रवाना करून ते झांबेझी नदीच्या प्रदेशात माकोलोलो लोकांच्या लिन्यांती ह्या राजधानीस गेले. तेथे आपला बैलगाडा व पुष्कळसे सामान त्या लोकांच्या स्वाधीन करून, नोव्हेंबर १८५३ मध्ये २७ माणसांसह ते पश्चिम किनाऱ्याकडे निघाले. वाटेत तापाने त्यांस वारंवार गाठले. कित्येक दिवस बैलावर बसण्याचेही त्राण राहिले नाही. ३१ मे १८५४ रोजी ते लुआंडा बंदरास पोहोचले ते हाडांचा सापळा होऊन. बंदरात इंग्रजी जहाजे होती, आणि कप्तान त्यांस घरी नेण्यास तयार होते. परंतु २७ माणसांस त्यांच्या गावी परत पोहोचविण्याचे वचन त्यांनी दिले होते. ते जहाजावर चढले नाहीत. त्याच रानातून, त्याच तापातून ते परत फिरले, आणि १८५५ च्या सप्टेंबरात ती सर्व माणसे जिवंत आपल्या घरी पोहोचली. मग पूर्वेकडे जाऊन मे १८५६ मध्ये त्यांनी दुसरा समुद्र गाठला.

येथे एक गोष्ट नमूद करतो. जेथे डासांचे थवे असतात तेथे हिवताप असतोच, असे लिव्हिंगस्टन यांच्या ध्यानात आले होते व तसे त्यांनी लिहूनही ठेवले. डास हेच कारण, हे मात्र त्यांस सुचले नाही. ती साखळी पुढे आमच्याच देशात, सिकंदराबाद येथे, २० ऑगस्ट १८९७ रोजी डॉ. रोनाल्ड रॉस यांच्या हाती लागली.

१८५७ साली लिव्हिंगस्टन यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. त्यांच्या शब्दावर विसंबून लंडन मिशनरी सोसायटीने माकोलोलो लोकांत मिशन घालण्याचे ठरविले. लिव्हिंगस्टन हे आता सोसायटीची नोकरी सोडून इंग्रज सरकारच्या वतीने झांबेझीवर आगबोट घेऊन आले होते. ते नदीने वर येऊन ह्या मंडळीस भेटतील अशी अपेक्षा होती. होलोवे हेल्मोर व रॉजर प्राइस हे दोघे मिशनरी आपल्या पत्नी व मुले यांसह १८५९ साली कुरुमानाहून निघाले, आणि पाण्यावाचून अत्यंत हाल सोसून १८६० च्या फेब्रुवारीत लिन्यांतीस पोहोचले. नदी दलदलीची, दिवस पावसाळ्याचे. थोड्याच आठवड्यांत तापाने घाला घातला. हेल्मोर, त्यांची पत्नी, त्यांची दोन मुले आणि प्राइस यांचे तान्हे बाळ तेथेच गेले. प्राइस यांची पत्नी परतीच्या वाटेवर गेली. मोठी व लहान मिळून नऊ जणांतून तिघे उरले. त्यांच्या बरोबर आलेल्या नोकरमाणसांपैकीही काही मेली. लोकांनी विष घातले अशी पुढे बोलवा उठली. परंतु लक्षणे हिवतापाचीच होती, असे लिव्हिंगस्टन यांचे मत पडले.

त्याच वर्षी काही महिन्यांनी लिव्हिंगस्टन माकोलोलोंच्या देशात आले. त्यांचा राजा सेकेलेटु हा त्वचारोगाने पीडित होता. त्याच्यासाठी औषधे हवी होती, म्हणून ते लिन्यांतीस गेले. तेथे त्यांचा जुना बैलगाडा उभा होता. त्यातील सामान त्या लोकांनी इतकी वर्षे इमानाने राखले होते, आणि त्यात औषधांची पेटीही होती. मिशनरी कुटुंबे जेथे मरून पडली, तेथून ती पेटी हाकेच्या अंतरावर होती. तापावरचे औषध गाड्यात होते, औषधाची रीत जाणणारा मनुष्य शेकडो मैल दूर नदीवर होता, आणि ज्यांस ते पाहिजे होते त्यांस त्याची वार्ताही नव्हती. ह्यात दोष कोणाचा, ह्याविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले. लिव्हिंगस्टन यांचा त्यात काही भाग होता, हे आम्ही त्यांचा मान राखूनही म्हणू. त्यांस स्वतःस ताप पुष्कळदा आला व उतरला; त्यामुळे ह्या शत्रूस आवरणे सोपे आहे असे त्यांस वाटू लागले होते, आणि त्यांच्या त्या भरवशावर इतर लोक घरदार सोडून निघाले होते. जो वाट दाखवितो त्याने वाटेवरील विहिरीही दाखविल्या पाहिजेत.

झांबेझीवरील सफरीत रोग येण्यापूर्वीच औषध घेऊन तो टाळता येतो की काय, हेही त्यांनी अजमावून पाहिले. १८५४ साली डॉ. बेकी यांनी नायजर नदीवर आपल्या माणसांस नित्य क्विनाईन दिले होते, आणि त्या सफरीत एकही मनुष्य तापाने मेला नाही. लिव्हिंगस्टन यांनी आपल्या मंडळीस रोज सुमारे दोन ग्रेन, म्हणजे आमच्या एका गुंजेइतके क्विनाईन द्राक्षारसात घालून दिले. तरी ताप आलाच. तेव्हा नित्य औषध घेतल्याने काही लाभ नाही असे मत करून त्यांनी तो परिपाठ सोडला. आज कळते की, दोष औषधात नसून मात्रेत होता. एवढ्या अल्प मात्रेने जंतूस पायबंद बसत नाही.

पुढची दोन वर्षे फार दुःखाची गेली. जानेवारी १८६२ मध्ये विश्वविद्यालयांच्या मिशनचे बिशप मॅकेंझी हे शिरे नदीच्या काठी उतरले असता त्यांची होडी उलटली आणि औषधे, क्विनाईनसह, पाण्यात गेली. तरी ते तेथेच थांबले, आणि महिना संपतो न संपतो तोच तापाने मरण पावले. त्याच वर्षी बऱ्याच वर्षांच्या ताटातुटीनंतर लिव्हिंगस्टन यांची पत्नी त्यांच्याजवळ आली. तीन महिनेही झाले नाहीत तोच तिला तापाने घेरले. पती वैद्य, सोबतीस डॉ. कर्क हे दुसरे वैद्य, आणि औषध हाताशी. परंतु घटकेघटकेस वांती होत असल्यामुळे पोटात काही ठरेना. २७ एप्रिल १८६२ रोजी शुपांगा येथे तिने देह ठेवला, आणि एका मोठ्या गोरखचिंचेच्या झाडाखाली तिला पुरले. सुईने औषध शिरेत घालण्याची सोय त्या काळी नव्हती. औषध असूनही उपाय चालत नाही असा प्रसंग वैद्याच्या घरातही येतो, हे त्या शूर पुरुषाने त्या दिवशी पाहिले.

सरकारने सफर परत बोलाविली. तेव्हा लिव्हिंगस्टन यांनी आपल्या पैशाने बांधविलेली लेडी न्यासा नावाची लहानशी आगबोट गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून ती मुंबईस नेऊन विकण्याचा निश्चय केला. जवळ कोळसा चौदा टन, आणि खलाशी मूठभर. त्यांतील आफ्रिकन लोकांनी तर पूर्वी समुद्रही पाहिला नव्हता. अशा स्थितीत अडीच हजार मैल समुद्र ओलांडून १३ जून १८६४ रोजी, पावसाळ्याच्या तोंडाशी, ते मुंबई बंदरात शिरले. बोट इतकी लहान की ती आलेली कोणाच्या ध्यानातही आली नाही. बरोबर चुमा व विकटानी हे दोन मुलगे होते. गुलामांच्या तांड्यातून सोडविलेले. त्यांस मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवून लिव्हिंगस्टन स्वदेशी गेले, आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरात परत आले. बोट २,३०० पौंडांस विकली गेली. तो पैसा एका पेढीत ठेवला होता, ती पेढी बुडाली. ते त्यांनी शांतपणे सोसले. डिसेंबर १८६५ मध्ये डॉ. विल्सन यांच्या हातून चुमा व विकटानी यांचा बाप्तिस्मा झाला.

नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीचा आश्रम होता. अरबी समुद्रात इंग्रजी जहाजे जी गुलामांची गलबते पकडीत, त्यांवरील अनाथ आफ्रिकन मुलांस तेथे ठेवून शिक्षण व सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवीत. लिव्हिंगस्टन स्वतः नाशिकास गेले, आणि ह्या आश्रमातील नऊ तरुण त्यांच्या बरोबर जाण्यास तयार झाले. ही मुले आमच्या गोदातीरी वाढलेली होती. जानेवारी १८६६ मध्ये थूल नावाच्या बोटीने हे सर्व मुंबईहून झांझिबारास निघाले. नाईल नदीचा उगम शोधावा व गुलामांच्या व्यापाराचे खरे रूप जगापुढे मांडावे, हा ह्या शेवटच्या प्रवासाचा हेतू होता.

आता पेटीची गोष्ट. प्रवासास वर्ष होत आले तो बरोबरची बहुतेक माणसे सोडून गेली होती किंवा त्यांस परत पाठवावे लागले होते. औषधांची पेटी बराका नावाच्या एका मुलाकडे असे, कारण तो फार जपून वागणारा होता. २० जानेवारी १८६७ रोजी सकाळी वाटेत घेतलेल्या एका हमालाने त्याच्याशी ओझ्याची अदलाबदल केली, आणि दाट रानात तो व त्याचा जोडीदार ओझी घेऊन पसार झाले. मुसळधार पाऊस पडत होता. पावलांचे माग धुऊन गेले. शोध केला, पण व्यर्थ. पळालेल्यांस त्या बाटल्यांचा उपयोग काय? त्यांनी त्या कोठे तरी रानात फेकून दिल्या असतील. लिव्हिंगस्टन यांनी त्या दिवशी आपल्या रोजनिशीत लिहिले त्याचा आशय असा की, आपणांस जणू मृत्यूची शिक्षाच ऐकविली गेली, आणि बिशप मॅकेंझी यांची गत आपणांस आठवली. तरीही पळालेल्यांवर त्यांनी फारसा राग धरला नाही. ती माणसे दास्यात वाढली, त्यांस इमान कोणी शिकविले नाही, असाच विचार त्यांनी केला.

ह्या दिवसापासून त्यांच्या शरीराची कळा उतरत गेली असे त्यांची रोजनिशी वाचणाऱ्यास स्पष्ट दिसते. ताप येई आणि त्यावर देण्यास काही नसे. तापाच्या भरात शुद्ध हरपे. १८६९ च्या आरंभी ते फुप्फुसाच्या दाहाने इतके खंगले की माणसांनी त्यांस डोलीत घालून नेले. टांगानिका सरोवराकाठी उजिजी येथे त्यांच्यासाठी सामान पाठविलेले होते. तेथे पोहोचतात तो ते बहुतेक लुटले गेलेले, आणि औषधे तेरा दिवसांच्या वाटेवर मागे पडून राहिलेली. लिन्यांती येथे जे इतरांवर गुदरले, ते आता त्यांच्यावर आले: औषध आहे, पण दूर आहे. १८७१ च्या शरदात स्टॅन्ली हे त्यांचा शोध करीत उजिजीस आले, त्यांनी अन्न व औषधे आणली, तेव्हा थोडे दिवस अंगात पुन्हा बळ आले. परत चला असा स्टॅन्ली यांनी आग्रह केला. तो त्यांनी मानला नाही. स्टॅन्ली यांनी किनाऱ्यावरून पाठविलेली नवी माणसे ऑगस्ट १८७२ मध्ये पोहोचली. त्यांतही सहा जण शरणपुरात शिकलेले होते. त्यांपैकी जेकब वेनराइट हा लिहिण्यावाचण्यात हुशार होता.

शेवटचे महिने बांगवेउलु सरोवराच्या दलदलीत गेले. पाऊस, चिखल, उपास आणि आतड्यांतून होणारा रक्तस्राव यांनी ते क्षीण झाले. माणसांनी त्यांस चितांबो ह्या सरदाराच्या गावी आणून झोपडीत निजविले. त्या रात्री त्यांनी सुसी नावाच्या जुन्या सेवकास औषधांची पेटी आणण्यास व दिवा जवळ धरण्यास सांगितले. डोळ्यांस नीट दिसत नव्हते. मोठ्या कष्टाने त्यांनी एक बाटली निवडून बाजूस ठेवविली, आणि सुसीस जाण्यास सांगितले. पहाटे माणसे आत आली तेव्हा ते खाटेपाशी गुडघे टेकून प्रार्थनेच्या स्थितीत होते, आणि प्राण गेलेला होता. १८७३ च्या मे महिन्याचा तो आरंभ होता.

ह्यापुढे जे झाले ते आमच्या मते ह्या चरित्राचा उत्तम भाग आहे. धनी मेला, पगार देणारा कोणी नाही, समुद्र हजार मैलांहून अधिक दूर. ही माणसे सामान वाटून घेऊन पांगती तर त्यांस कोण विचारणार होते? परंतु सुसी व चुमा यांनी सर्वांस जमवून ठरविले की साहेबांचा देह त्यांच्या लोकांस पोहोचवावयाचा. झांझिबार येथे एका डॉक्टराकडे चाकरी केलेला फारिजाला आणि त्याच्या मदतीस शरणपुरातील कॅरस फारार ह्या दोघांनी देह उघडून आतील भाग काढले. ते व हृदय त्यांनी एका झाडाखाली पुरले, आणि जेकब वेनराइट याने अंत्यविधीची उपासना वाचून झाडावर नाव कोरले. मग मीठ लावून व उन्हात वाळवून तो देह त्यांनी कापडात, सालीत व शिडाच्या कापडात गुंडाळला आणि खांद्यावर घेतला. वाटेत आजार आला, मरण आले, मृतदेह नेतात म्हणून गावांनी विरोध केला. एका इंग्रज अधिकाऱ्याने देह येथेच पुरा असा सल्ला दिला; तो त्यांनी नाकारला. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते किनाऱ्यास पोहोचले. रोजनिशांसह त्यांनी आपले ओझे स्वाधीन केले. लंडनात डाव्या दंडाचे ते जुने मोडलेले हाड पाहून वैद्यांनी देह ओळखला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यास पुरण्यात आले, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत नाशिकचा जेकब वेनराइटही होता.

वाचकहो, लिव्हिंगस्टन यांचा काळ लोटून गेला. ज्या वर्षी लिन्यांतीस ती कुटुंबे मेली त्याच १८६० साली सिंकोनाची रोपे व बी दक्षिण अमेरिकेतून हिंदुस्थानाकडे आणण्याचे काम चालू झाले, आणि लवकरच निलगिरीवर त्यांची लागवड झाली. क्विनाईन स्वस्त झाले. पुढे क्लोरोक्विन आले. आणि १९७२ साली चीनमधील विदुषी तू यूयू यांच्या मंडळीने एका रानटी वनस्पतीतून आर्टेमिसिनिन काढले, ज्याबद्दल २०१५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आता कोयनेल क्वचितच लागते. परंतु हिवताप गेलेला नाही. आमच्या महाराष्ट्रात गडचिरोलीच्या जंगलात तो आजही माणसांस पाडतो. आणि औषध किती दूर आहे हा जुना प्रश्न तेथे आजही उभा आहे.

आमच्या उपदेशक बंधुभगिनींस म्हणून आमचे सांगणे आहे. तुमच्या मंडळीत कोणास थंडी वाजून ताप आला, तर उद्यावर टाकू नका. सरकारी आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी व औषध फुकट मिळते. आशा कार्यकर्तीस बोलवा, नाही तर रोग्यास घेऊन जा. तापाच्या जातीप्रमाणे औषध निराळे असते, म्हणून आपल्या मनाने गोळ्या देऊ नका. एका जातीच्या तापावर गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून सोडल्या तर ताप पुन्हा उलटतो. गरोदर बाई किंवा तान्हे मूल असेल तर तसे आधी सांगा. मच्छरदाणी मिळाली असेल तर ती पेटीत घडी करून ठेवू नका, अंथरुणावर लावा.

लिन्यांतीच्या गाड्यातील पेटी माकोलोलो लोकांनी इमानाने राखली, परंतु तिच्यात काय आहे हे जाणणारे तेथे कोणी नव्हते. बराकास तिची किंमत ठाऊक होती. एका सकाळी ती दुसऱ्याच्या खांद्यावर गेली एवढेच. खेड्यातील मंडळीत आजार्‍याकडे प्रथम जाणारा मनुष्य बहुधा तुमच्यापैकीच एक असतो. औषध कोठे मिळते, कोणत्या दिवशी मिळते, आणि ते पुरे झाले की नाही, हे त्यास ठाऊक असले पाहिजे. शरणपुरातील ती मुले मोठ्या घरची नव्हती. गुलामांच्या गलबतातून आलेली होती. परंतु हाती दिलेले ओझे त्यांनी वाटेत टाकले नाही.